सासूबाईंच्या नावाची अळंबी

अळंबी तपासणी केंद्रात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तिला नाव होतं, पण ते हजेरीपुस्तकात होतं आणि हजेरीपुस्तक कपाटात. एकवीस वर्षांपूर्वी ती तिथे काचा धुवायला लागली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या बोटभर लांबीच्या काचपट्ट्या, दिवसाला दोनशे. धुता धुता एखादी पट्टी ती उजेडाकडे धरून बघायची, मग कुणाचं लक्ष नसताना भिंगाखाली सरकवून बघायची, मग केंद्रातली जुनी पुस्तकं घरी नेऊन पाठकोऱ्या कागदांवर चित्रं काढत बसायची. आठव्या वर्षी मुख्य तपासनीस रजेवर गेले ते आलेच नाहीत. त्यांच्या खुर्चीत कोण बसणार हे ठरेपर्यंत हिला बसवलं. ते अजून ठरायचं होतं.

लोक टोपल्या घेऊन केंद्राच्या खिडकीशी येत. नुसत्या डोळ्यांनी ओळखू येणाऱ्या अळंब्या तिथेच निकालात निघत. उरलेल्या, दिसायला सारख्या आणि स्वभावाला वेगळ्या अशा, भिंगबाईच्या टेबलावर येत. ती अळंबीची छत्री उलटी करायची, खालच्या नाजूक पट्ट्यांपैकी एकीची कड ब्लेडने केसाएवढी कापायची, काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवायची, लाल रंगाचा टिपका द्यायची आणि वर पातळ काच ठेवून पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच दाबायची. मग डोळा भिंगाला. बीजाणू गोल की लांबट, गुळगुळीत की खरबरीत, आणि मुख्य म्हणजे खुंट्या आहेत की नाहीत.

पट्टीच्या कडेला काही पेशी शेजारणींपेक्षा उगाचच उंच वाढतात. त्या बीजाणू धरत नाहीत, कुणाच्या उपयोगी पडत नाहीत, नुसत्या डोकं वर काढून उभ्या असतात. केंद्रात त्यांना खुंट्या म्हणत. कुणाच्या बाटलीसारख्या, कुणाच्या भाल्यासारख्या, कुणाच्या डोक्यावर चक्क खड्यांचा तुरा. त्या कशासाठी असतात हे कुणालाच धड सांगता येत नाही, पण अळंबीची ओळख पटवायला त्यांच्यासारखा दुसरा पुरावा नाही.

“आमच्या थोरल्या दिरांसारख्या,” भिंगबाई म्हणायची. “काम शून्य, पण घर ओळखायचं तर त्यांच्याचवरून.”

चार वर्षांपूर्वी एका सकाळी सासूबाईंनी मागच्या दारातून हाक मारली.

“अगं ए, तुझे पाहुणे आलेत बघ.”

मागच्या दाराशी सासूबाईंचं लाकडी बाकडं होतं. त्यावर त्या रोज सकाळी उन्हाला बसत आणि दिसेल त्याच्यात खोट काढत. त्या बाकड्याच्या पायाला पाच-सहा तपकिरी अळंब्या उगवल्या होत्या. दिसायला अगदी साध्या तपकिरीसारख्या. साधी तपकिरी म्हणजे सगळीकडे येते ती. खाल्ली तरी काही होत नाही, न खाल्ली तरी काही बिघडत नाही. भिंगबाईने त्यातल्या दोन एका डब्यात घालून केंद्रात नेल्या.

हिचे बीजाणू मात्र फारच बारीक निघाले. तिने सर्वांत मोठं भिंग लावलं, दिवा पूर्ण वाढवला आणि डोळा नळीला अगदी चिकटवून बघितलं. साध्या तपकिरीला खुंट्या नसतात. हिला होत्या! वरच्या कडेला, एका रांगेत, लांबच लांब.

तिने तिथल्या तिथे वर्णन लिहिलं. “खुंट्या पंधरा ते वीस, काळसर, टोकाकडे निमुळत्या, डौलदार वळलेल्या. अधूनमधून सर्व खुंट्या एकदम खाली येतात व पुन्हा वर जातात. त्या क्षणी सर्वत्र अंधार होतो.”

केंद्राच्या साहेबांनी ते वाचलं आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

“बाई, अंधार होतो?”

“होतो, साहेब. क्षणभरच.”

“बाई, जगात अशी अळंबी नाही.”

ते खरंच होतं, पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

केंद्राच्या नियमाप्रमाणे नवी अळंबी ज्याच्या जागेत सापडेल त्याचं नाव तिला मिळतं. बाकडं सासूबाईंचं, म्हणून अळंबीला सासूबाईंचं नाव लागलं, आणि त्याला मागून लॅटिनची लांबलचक शेपटी. मोठ्या शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं. ते भिंगबाईने घरी आणून सासूबाईंच्या हातात दिलं आणि ती श्वास रोखून उभी राहिली.

त्याला कारण होतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि तिने दिलेली एकही वस्तू सासूबाईंनी बदलून आणल्याशिवाय वापरली नव्हती. चपला, शाल, शेकायची पिशवी. एकदा तर वाढदिवसाचा केक त्या तशाच डब्यातून परत घेऊन गेल्या होत्या आणि त्याऐवजी बिस्किटं घेऊन आल्या होत्या.

सासूबाईंनी प्रमाणपत्र वाचलं. उलटं करून मागची बाजू बघितली. उजेडाकडे धरलं. मग नीट घडी करून आपल्या उशाखाली ठेवलं. भिंगबाई स्वयंपाकघरात जाऊन सिंकचा नळ सोडून रडली.

त्या दिवसापासून बाकड्याला चारी बाजूंनी सुतळी बांधली गेली. त्यावर कुणी बसायचं नाही, खुद्द सासूबाईंनीही नाही. त्या आता उन्हात उभ्या राहून खोट काढत. त्यांच्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगताना ऐकू यायचं, “माझं नाव लॅटिनमध्ये आहे. तुझं कशात आहे?” आणि सुनेचा उल्लेख त्या आता “ती” असा न करता “आमची भिंगबाई” असा करू लागल्या. चार वर्षं भिंगबाई या दोन शब्दांवर जगत होती म्हटलं तरी चालेल.

अळंबीचा बोलबाला झाला. इतर केंद्रांनीही आपापल्या तपकिऱ्या तपासल्या, साहेबांनी पाठवलेल्या पत्रातल्या पद्धतीनुसार, डोळा नळीला चिकटवून. सगळ्यांना खुंट्या सापडल्या. एका वयस्क तपासनीसांनी कळवलं, “आमच्याकडे पांढऱ्या, विरळ, मोजून चार.” एका तरुण तपासनीस बाईंनी कळवलं, “काळ्याभोर, जाड, टोकाला बारीक गोळे. संध्याकाळी पाचनंतर किंचित ओघळतात.” साहेबांनी पांढरी आणि ओघळती अशा दोन पोटजाती नोंदवल्या. नव्या तपासनिसांच्या परीक्षेत ‘सदर खुंट्यांचे चित्र काढा’ हा प्रश्न कायमचा आला. एक बाई त्यात दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा त्यांनी लिहिलं होतं, “मला दिसत नाहीत.”

आता केंद्राचं ‘अळंबी ओळखपुस्तक’ नव्याने छापायचं होतं. सासूबाईंचं नाव पान अठ्ठ्याऐंशीवर. शुक्रवारी ते छपाईला जायचं होतं, आणि सासूबाईंनी त्याच्यासाठी कपाटात जागा करून ठेवली होती.

सोमवारी संध्याकाळी भिंगबाईने ओव्हन पेटवला. गॅस सोडल्यावर काडी ओढायला जरा उशीर झाला आणि भपकन ज्वाळ तोंडावर आली. नशीब, डोळे मिटले गेले. भाजलं काही नाही, पण भुवया आणि पापण्यांचे केस साफ गेले.

“आश्चर्य वाटल्यासारखी दिसतेस,” नवरा म्हणाला.

“मला आश्चर्यच वाटलंय,” ती म्हणाली.

मंगळवारी केंद्रात छपाईपूर्व पानं तपासताना तिला वाटलं, चित्र एकदा ताडून बघावं. बाकड्याच्या पायाची ताजी अळंबी आणलेलीच होती. तिने कड कापली, काच लावली, डोळा चिकटवला. खुंट्या नव्हत्या.

तिने दुसरी काच केली. तिसरी. दुपारपर्यंत एकोणीस. बीजाणू जागच्या जागी, पट्टीची कड स्वच्छ, आणि खुंटी एकही नाही. अंधारही होईना. म्हणजे डोळा मिटला की व्हायचा. ती थबकली. तिने पुन्हा डोळा मिटला, उघडला. मग तिने जळक्या पापणीवरून सावकाश बोट फिरवलं.

तिने एक कोरी काच धुतली, पुसली, भिंगाखाली ठेवली आणि कारकूनबाईंना हाक मारली. कारकूनबाई डोळ्यांची रंगरंगोटी करूनच कामावर येत.

“जरा बघता का?”

कारकूनबाई वाकल्या. “अगं बाई, किती सुंदर! काळ्याभोर. ही ओघळती ना?”

“काच रिकामी आहे.”

“मग हे काय आहे?”

“डोळा मिचकावा.”

“अंधार झाला!” कारकूनबाई आनंदाने म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या. मग भिंगबाईच्या तोंडाकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून मटकन खाली बसल्या. “मेलो,” त्या म्हणाल्या.

भिंगबाईला त्या क्षणी साहेब आठवले नाहीत की पुस्तक. तिला उशाखालची घडी आठवली. आणि लगेच मागोमाग त्या दोनदा नापास झालेल्या बाई. त्या बाईंनी खरं ते लिहिलं होतं. हिने एकवीस वर्षं जे काही मिळवलं ते फक्त दिसलं ते लिहून मिळवलं होतं. ना पदवी, ना ओळखपाळख. एक डोळा काय तो, आणि आता त्याने दगा दिला होता.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, ही अळंबी किती जणांनी पाहिली?”

“पाच.”

“आणि न दिसलेले?”

“मी. आणि त्या नापास झालेल्या बाई.”

“पाच विरुद्ध दोन. त्यातही तुम्ही दोन्हीकडे आहात.” साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, तुमच्या पापण्या गेल्या, म्हणजे तुमचं एक उपकरण गेलं. उपकरण नसताना दिसलं नाही, यात अळंबीची काय चूक?”

“साहेब, रिकाम्या काचेवरही दिसतात. तुम्हीच बघा.”

साहेबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. वर बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“काचेवर नसतानाही आढळते!” ते म्हणाले. “बाई, हे पुस्तकात घालायला अजून वेळ आहे का?”

“साहेब, त्या तुमच्या पापण्या आहेत.”

“तुमच्या मनाला लागलंय, मी समजू शकतो. कृत्रिम पापण्यांच्या दोन जोड्यांचा मागणीअर्ज करा, मी आजच मंजूर करतो. तोवर तुम्ही भिंगाला हात लावू नका. पापण्यांशिवाय तपासणी नियमात बसत नाही.”

ती बाहेर आली. कारकूनबाई नियमपुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“एकच वाट आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तपासनिसाने हरकत घेतली तर समिती बसते. समितीला पापण्या असणारच. पण ज्याचं नाव अळंबीला आहे त्याने स्वतः नाव मागे घेतलं, तर नोंद तिथल्या तिथे रद्द. कारण द्यावं लागत नाही. एक सही.” त्यांनी अर्ज पुढे सरकवला. “कुणाचं नाव आहे गं ते? ...अरे देवा.”

भिंगबाई घरी आली तेव्हा सासूबाई टेबलाशी मटार सोलत होत्या. नवरा शेजारी बसून सोललेले खात होता.

“आई, जरा बोलायचं होतं.”

“भुवया गेल्या ते सांगायचं असेल तर दिसतंय मला.”

तिने सांगितलं. सगळं, न थांबता, एकदाही वर न बघता. सांगून झालं तेव्हा मटाराची एक शेंग सासूबाईंच्या हातात अर्धवट उघडी तशीच होती.

“म्हणजे अळंबी नाहीच.”

“आहे ना. पण साधी तपकिरी. सगळीकडे येते ती.”

“सगळीकडे,” सासूबाई म्हणाल्या.

“हो.”

“मग चार वर्षं तू काय बघत होतीस?”

“माझ्या पापण्या.”

नवरा फिस्सकन हसला. दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मटाराचं भांडं घेऊन उठला, दारापर्यंत गेला, भांडं परत आणून ठेवलं आणि पुन्हा गेला.

“आणि सही केली नाही तर?” सासूबाईंनी विचारलं.

“तर पुस्तक छापून येईल. तुमचं नाव राहील. कुणाला कळणार नाही.”

“तुला तर कळलंय.”

“मला कळलंय.”

सासूबाईंनी शेंग पूर्ण उघडली. दाणे मोजल्यासारखे बघितले. “उद्या मला तिथे घेऊन चल. मी स्वतः बघणार. तुझ्या एकटीच्या शब्दावर मी सही करायची? तुला साधी शाल निवडता येत नाही.”

बुधवारी सासूबाई केंद्रात आल्या तेव्हा साहेब दारापर्यंत सामोरे गेले. अळंबीमागचं मूळ माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“आजी, सही करू नका,” ते हात जोडून म्हणाले. “पान अठ्ठ्याऐंशी! पूर्ण पान!”

“आधी मला बघू द्या,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांना उंच स्टुलावर चढवायला तिघं लागली. भिंगबाईला भिंगाला हात लावायची बंदी होती, पण साहेब बघत असतानाच तिने काच लावली आणि दिवा वाढवला. सासूबाईंनी डोळा नळीला टेकवला.

“खुंट्या नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नीट बघा, आजी. डोळा अगदी चिकटवा.”

“चिकटवलाय. नाहीत.” त्यांच्या पापण्यांचे केस वयाने कधीच गळून गेले होते.

साहेब खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. सासूबाईंनी मात्र डोळा काढला नाही.

“अगं, पण या कोण? डोक्यावर काहीतरी घेऊन उभ्या आहेत.”

भिंगबाई वाकली. “त्या बीजाणू धरणाऱ्या. प्रत्येकीच्या डोक्यावर चार-चार असतात.”

“एकीच्या डोक्यावर चार? आणि कुरकुर नाही?” मग जरा वेळाने, “ही दोनच घेऊन उभी आहे.”

“तिचे दोन सुटून गेले असतील.”

“जातातच.” सासूबाईंनी हात मागे करून चाचपडत सुनेचं मनगट पकडलं आणि ते भिंगाच्या चाकावर नेऊन ठेवलं. “फिरव जरा. थांब. एवढं नको. मागे घे. हां. आता पलीकडची आळी दाखव.”

भिंगबाई काच तसूतसूने सरकवत राहिली. सासूबाई एकेक आळी बघत राहिल्या. कुठे गर्दी आहे, कुठे कुणी एकटीच आहे, कुणाचं अंग सुटलंय, सगळ्यांत त्यांनी यथास्थित खोट काढली. वीस मिनिटं झाली. कारकूनबाईंनी आणलेला चहा निवून गेला.

“हे तू रोज बघतेस?” नळीला डोळा तसाच ठेवून त्यांनी विचारलं.

“रोज.”

“आणि घरी येऊन भाजी काय करू म्हणून मला विचारतेस.”

“मग काय विचारू?”

“कधी दाखवलं नाहीस.”

“तुम्ही कधी म्हणाला नाहीत.”

“म्हणायला मला काय ठाऊक इथे एवढा गोतावळा आहे ते.” सासूबाईंनी डोळा काढला. डोळ्याभोवती नळीचा गोल वळ उठला होता. “त्या नापास झालेल्या बाईचं काय करणार?”

“नोंद रद्द झाली की तिला पास करावंच लागेल.”

“दे तो अर्ज.”

सासूबाईंनी सही केली. एरवी त्या आद्याक्षरांवर भागवत, पण या वेळी नाव, वडिलांचं नाव, सासरचं आडनाव, सगळं सावकाश, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर पूर्ण रेघ ओढत लिहिलं. सही करून झाल्यावर त्या थोडा वेळ त्या सहीकडे बघत बसल्या. मग कागद साहेबांकडे सरकवला. साहेबांनी पांढरी आणि ओघळती या दोन पोटजातींवर फुली मारली, ती एखाद्याने जिवंत माणसावर मारावी तशी.

बाहेरच्या लांबट व्हरांड्यात टोपल्या घेतलेल्या लोकांची रांग होती. भिंगबाई सासूबाईंना कोपराला धरून चालवत होती. उशाखालचा कागद आता निघणार, कपाटातली जागा भरली जाणार, आणि आजपासून आपण पुन्हा “ती”, हे तिने मनाशी धरलं होतं. एवढ्यात रांगेतल्या एका जाडजूड गृहस्थांनी आपली टोपली सावरत विचारलं, “काय आजी, कोणती निघाली तुमची?”

सासूबाई थांबल्या.

“माझी कसली,” त्या म्हणाल्या. “आमच्या भिंगबाईच्या पापण्या निघाल्या.”

“पापण्या?”

“पापण्या. पाच-पाच तपासनीस फसले. आतले साहेब अजून फसलेलेच आहेत. परीक्षेत प्रश्न होता त्यांच्यावर. लॅटिनमध्ये नाव पडलं होतं.” त्यांनी आवाज चढवला, शेवटच्या माणसापर्यंत जावा म्हणून. “तुमच्या सुनेच्या पापण्यांना पडलंय?”

“नाही हो,” गृहस्थांनी कबूल केलं. “सूनच नाही मला.”

“मग तुम्हाला काय कळणार.”

“आई, चला ना,” भिंगबाई म्हणाली. तिचे कान तापले होते.

पण रांग आता विस्कटली होती. माणसं टोपल्या खाली ठेवून माना उंचावत होती. “बघू तरी,” कुणी म्हणालं. “एवढ्या लांब?” मागून कुणी विचारलं. भिंगबाईने आपला बोडका, गुळगुळीत चेहरा खाली घातला. तशा सासूबाई पुढे सरकल्या आणि सुनेच्या आणि रांगेच्या मध्ये हात पसरून उभ्या राहिल्या.

“आता काय बघता?” त्या कडाडल्या. “आता हंगाम नाही. हंगामात या.”